टॅम लिनला धरून ठेवायचं, की कापड कापून निघून यायचं?

रानजाई

गेल्या आठवड्यात एक इंग्रजी कादंबरी वाचून संपवली आणि अजून तिच्यातून पुरती बाहेर आलेली नाही. मोठ्यांसाठी लिहिलेली परीकथा आहे, चांगलीच काळोखी, आणि तिचा सगळा पाया स्कॉटलंडच्या लोककथांवर आहे. नाव मुद्दाम देत नाही. शेवट सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येणार नाही, आणि ज्यांना ती कधी हाती लागेल त्यांचा शेवट मला फोडायचा नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं एक खेडं. एका मुलीचा धाकटा भाऊ एका सकाळी उठतो तो वेगळाच. चेहरा तोच, पण कितीही वाढलं तरी भूक भागत नाही आणि आईच्या हातातला लोखंडी चिमटा बघून किंचाळतो. खरा भाऊ टेकडीखालच्या लोकांनी नेलेला असतो. ती त्याला आणायला टेकडीत शिरते. तिथल्या राणीचा एक स्वार आधी तिला फसवतो, मग वाट दाखवतो. राणीला दर सात वर्षांनी नरकाला एक जीव द्यावा लागतो, आणि या वेळी पाळी भावाची असते. शेवटी स्वार भावाच्या जागी उभा राहतो आणि मुलगी त्या स्वारालाही सोडवते. त्याची किंमत म्हणून राणी तिचा एक डोळा काढून तिथे लाकडाचा बसवते.

ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ओळखलंच असेल, हे ‘टॅम लिन’ आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मूळ कथागीताबद्दल सांगते, कारण ते माहीत असलं की कादंबरी दुपटीने आवडते.

सेल्कर्क गावाजवळ एट्रिक आणि यॅरो या दोन नद्यांचा संगम आहे. तिथल्या रानाचं नाव कार्टरहॉ. गाण्याची सुरुवातच ताकीद देऊन होते: पोरींनो, कार्टरहॉला जाऊ नका, तिथे टॅम लिन असतो. जेनेट हिरवा घागरा गुडघ्याच्या वर खोचून जातेच. गुलाब तोडते. तो येऊन विचारतो, माझ्या परवानगीशिवाय इथे का आलीस? ती म्हणते, कार्टरहॉ माझं आहे, माझ्या बापाने मला दिलंय. पुढे तिला दिवस जातात. ती पुन्हा रानात जाते तेव्हा तो आपली हकीकत सांगतो. तो माणूसच होता, शिकारीहून परतताना घोड्यावरून पडला आणि परीराणीने त्याला उचललं. सात वर्षांचा दशमांश जवळ आलाय आणि मी अंगाने भरलेला, देखणा, म्हणून मलाच देतील अशी त्याला भीती आहे.

‘दशमांश’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. मूळ शब्द ‘तींद’, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा. आपल्याकडे सरदेशमुखी दहा टक्केच असायची. नरकालाही वसूल द्यावा लागतो आणि तो वेळेवर द्यावा लागतो, ही कल्पना ज्यांनी आयुष्यभर वसूल भरला त्यांनाच सुचणार.

मग हॅलोविनची रात्र. चौकातून स्वारी जाते. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरच्या स्वाराला खाली ओढ आणि सोडू नकोस. ते लोक त्याला तिच्या मिठीतच सरडा करतात, साप करतात, अस्वल करतात, सिंह करतात, तापून लाल झालेली लोखंडी सळई करतात, शेवटी जळता निखारा करतात. निखारा झाला की विहिरीत टाकायचा आणि वर येणाऱ्या उघड्या माणसाला आपल्या हिरव्या शालीत गुंडाळायचं. ती सगळं करते. हरलेली राणी म्हणते, हे आधी कळलं असतं तर टॅम लिन, तुझे दोन्ही डोळे काढून मी लाकडाचे बसवले असते.

१५४९ च्या एका स्कॉट पुस्तकात या कथेचा उल्लेख आहे, म्हणजे ती त्याहून जुनी. आज जो पाठ बहुतेक लोक वाचतात तो स्कॉट कवी रॉबर्ट बर्न्सने मिळवून दिलेला, १७९२ साली छापलेला. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डने ३०५ कथागीतं जमवली, त्यात याचा क्रमांक ३९.

आता माझं म्हणणं. ही कादंबरी वाचतेय असं सांगितलं की माझ्या वाचनगटात लगेच प्रश्न येतो: परीकथेत इतकं भयाण कशाला? मला उलट वाटतं. त्या टेकड्या कधी गोड नव्हत्याच. पंख, चांदणीची कांडी, फुलांवर बसलेल्या इवल्या पऱ्या हे सगळं नंतरचं. ‘टॉमस द ऱ्हाइमर’ या त्याच भागातल्या दुसऱ्या कथागीतात राणी टॉमसला घेऊन जाते तेव्हा ते गुडघाभर रक्तातून चालतात, कारण पृथ्वीवर सांडलेलं सगळं रक्त त्या देशाच्या झऱ्यांतून वाहतं. सांगणारे लोक गरीब होते, त्यांची पोरं पटापट मरत होती, आणि टेकडीतल्या लोकांचं नावसुद्धा ते घेत नसत. ‘चांगले शेजारी’ म्हणत. मला हे वाचताना माझी आजी आठवली. तिने आयुष्यात कधी ‘दिवा विझव’ म्हटलं नाही, बांगडी फुटली म्हटलं नाही. दिवा मालवायचा, बांगडी वाढवायची, आणि अंधारात साप दिसला तर तो ‘जनावर’. कादंबरीतल्या आईच्या तोंडी तो ‘शेजारी’ शब्द आला तेव्हा मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

सळईचा प्रसंग मी रात्री दीडला वाचला. मुलीच्या तळहाताची कातडी लोखंडाला चिकटते, आणि तिला कळतं की आता सोडायचं म्हटलं तरी हात सुटणार नाही. पुस्तक खाली ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन तेच पान पुन्हा वाचलं. इतका निखळ आनंद मला वर्षभरात कुठल्या पुस्तकाने दिलेला नाही.

तुम्हाला काय वाटतं?

गोदातीर

रानजाई, लिहिलंय सुंदर, पण मला या प्रकारच्या कादंबऱ्यांबद्दल गंभीर तक्रार आहे आणि ती भयाणपणाबद्दल नाही.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुली या कादंबऱ्या वाचतात, भरपूर वाचतात, आणि त्यातून काय उचलतात ते मी पाहिलंय. तुम्ही एका वाक्यात उरकलंत, ‘स्वार आधी तिला फसवतो, मग वाट दाखवतो’. तिथे थांबून बघा. जो पुरुष तुम्हाला फसवतो, भीती घालतो, कोंडतो, तो आतून दुखावलेला असतो आणि तुम्ही पुरेसं सोसलंत तर माणसात येतो, हे या कादंबऱ्यांचं सूत्र आहे. सळईने हात भाजले तरी सोडू नकोस. परीकथेत हे सुंदर दिसतं. घरात दिसतं तेव्हा आम्ही मुलीला सांगतो, बाई, सोड आणि बाहेर पड.

आणि मूळ गाणंही तुम्ही जरा सोवळं करून सांगितलंत. कार्टरहॉला जाणाऱ्या पोरीकडून तो काय काय घेतो, याची यादी पहिल्या दोन कडव्यांतच आहे. अंगठी, हिरवी शाल, नाहीतर कौमार्य.

स्कॉटलंडच्याच लोककथा घ्यायच्या तर मी दुसरी घेईन. डोंगराळ भागात तळ्यातल्या घोड्याची गोष्ट सांगतात. तो देखण्या तरुणाचं रूप घेऊन येतो. मुलगी गुरं राखत बसलेली. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो आणि ती त्याचे केस विंचरायला लागते. विंचरता विंचरता तिच्या बोटांना वाळू लागते, शेवाळाचे धागे लागतात. ती ओरडत नाही. ज्या कापडावर त्याचं डोकं आहे तेवढा तुकडा हळूच कापते, तो त्याच्या डोक्याखाली तसाच राहू देते आणि उठून घराकडे निघते.

मला वाटतं वाचावी तर ही मुलगी. हिच्यावर किती कादंबऱ्या निघाल्या?

रानजाई

गोदाताई, शेवाळाची गोष्ट मला माहीत नव्हती. बोटांना वाळू लागते हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

पण जेनेटवर तुम्ही अन्याय करताय. ती सोसत नाही, ती लढते. तिच्या हातात जो साप आहे, सिंह आहे, तो टॅम लिनचा स्वभाव नाही. तो राणीने त्याच्यावर घातलेला वेश आहे, आणि हे सगळं होणार असं त्याने तिला आधीच सांगून ठेवलंय. ती डोळे उघडे ठेवून आलीय. सबंध गाण्यात तिला कोणी वाचवत नाही, तीच वाचवते. शिवाय ती दुसऱ्यांदा रानात जाते ती त्याला भेटायला म्हणून नाही. पोटातलं मूल पाडायची वनस्पती खुडायला जाते, आणि निर्णय तिचा ती घेते.

सोवळं करून सांगितल्याचा आरोप मात्र मान्य. ती यादी मी गाळायला नको होती.

लीथकर

मी एडिंबराला नऊ वर्षं राहतोय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. माझा आक्षेप दोघींपेक्षा वेगळा आहे.

‘स्कॉटिश लोककथा’ नावाची एकच गोष्ट नाही. टॅम लिन आणि टॉमस सीमाभागातले, स्कॉट्स भाषेतले. गोदातीरांनी सांगितलेला तळ्यातला घोडा गेलिक मुलखातला, उत्तर-पश्चिमेचा. सील माशाची कातडी उतरवून बाई होणारी सेल्की मुख्यत: ऑर्कनी-शेटलंडची, जिथे अठराव्या शतकापर्यंत नॉर्न ही नॉर्स घराण्यातली भाषा बोलली जात होती. तीन भाषा, तीन वेगळी जगणी. आजच्या कादंबऱ्यांत एकाच टेकडीखाली हे तिन्ही नांदतात, त्यात चिमूटभर आयर्लंड घातलेलं असतं आणि वर पऱ्यांचे ‘सीली’ आणि ‘अनसीली’ असे दोन दरबार, त्यांचे राजे, त्यांचे ऋतू. जुन्या नोंदींत शब्द सापडतात. ‘सीली’ म्हणजे भाग्याचे, आशीर्वादाचे. पण अशी चोख राज्यघटना तिथे नाही. उद्या कोणी वारल्यांचा हिरवा देव, मालवणचा देवचार आणि झाडीपट्टीतलं दंडार एकाच वाड्यात कोंबून ‘मराठी लोककथेवर आधारित’ असं छापलं तर आपल्याला कसं वाटेल?

हे किरकोळ वाटत असेल तर आणखी एक. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणारे सुमारे ७० हजार निघाले, ५४ लाखांच्या देशात. त्या भाषेतले शब्द कादंबरीत नुसते वातावरणासाठी शिंपडले जातात, बऱ्याचदा चुकीच्या रूपात. परीला गेलिकमध्ये ‘शी’ म्हणतात. त्याच उच्चाराचा, त्याच अक्षरांचा दुसरा शब्द ‘शांतता’ या अर्थाचा आहे, म्हणून ‘शांततेचे लोक’. रानजाईंनी आजीच्या बांगडीची जी गोष्ट सांगितली ती इथे त्या एका शब्दातच बसलीय. लेखकाला भाषा येत नसेल तर ते हातून निसटतं.

ॲबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क गेलिक जाणणारा. त्याने गावातल्या लोकांकडून ऐकून १६९१-९२ मध्ये या शेजाऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. ते काय खातात, कसे राहतात, कोणाला दिसतात, सगळं एखाद्या प्रवाशाने परक्या देशाबद्दल लिहावं तसं. १६९२ मध्येच तो गावाजवळच्या टेकडीवर फिरायला गेला असताना वारला, आणि लोक म्हणाले, मेला नाही, त्यांनी आत नेला. त्या टेकडीवर आज जो पाइन उभा आहे त्याच्या आसपासच्या झाडांना लोक चिंध्या आणि चिठ्ठ्या बांधतात. मी गेलो तेव्हा पावसाने शाई उतरलेली एक चिठ्ठी हाताशीच होती, लहान मुलाच्या अक्षरातली. मी वाचली नाही.

कादंबरी वाचून कर्कपर्यंत कोणी पोचत असेल तर आनंद आहे. माझ्या पाहण्यात फार थोडे पोचतात.

पाणकावळा

लीथकर, मुद्दा पटला, तरी एक आठवण करून देतो. ही कथागीतं जमवून छापणारा लेखक वॉल्टर स्कॉट १८०२ मध्ये एट्रिकला गेला तेव्हा कवी जेम्स हॉगची आई, मार्गारेट लेडलॉ, तिने त्याला तोंडावर सुनावलं. ती गाणी गायची होती, वाचायची नव्हेत. तू छापलीस आणि त्यांची जादू मोडलीस, वर ती नीट लिहिलेलीही नाहीत. म्हणजे ‘खरं ते मोडलं’ ही तक्रार पहिल्या छापील पानाइतकीच जुनी. तरी स्कॉटने छापलं नसतं तर तुम्ही-आम्ही आज कशावर बोललो असतो? जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. वहीत उतरल्या तेव्हा जातं थांबलं होतं, पण उतरल्या म्हणून आहेत.

त्या स्कॉटचा मदतनीस होता जॉन लेडन, त्याच सीमाभागातला. कथागीतं जमवायला त्याने पुष्कळ हातभार लावला आणि १८०३ मध्ये तो मद्रासला आला. आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही तिकडच्याच लॉडर गावचे. टॉमसचं गाव अर्ल्स्टन तिथून जवळच. ही माणसं लहानपणी कोणती गाणी ऐकून इथे आली असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मला खरी अडचण वाटते ती मराठीत आणताना. रानजाई, तुम्ही ‘परीराणी’ लिहिलंत आणि तिथेच सगळं बिघडलं. ‘परी’ हा फारसीतून आलेला शब्द, आपल्या कानाला तो झुळझुळीत लागतो, स्नेहसंमेलनात पंख लावलेली पोर डोळ्यांपुढे येते. टेकडीतल्या त्या लोकांना जवळचं आमच्याकडे काय असेल तर देवचार. तो देव नाही, भूत नाही, गावाची राखण करतो, रात्री काठी टेकत फिरतो, मान दिला तर वाट दाखवतो, चुकलात तर वाट चुकवतो. आणि पाण्याजवळच्या त्या घोड्याला आसरा. डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड, ओटी भरायची, आणि पोहायला गेलेला पोर वर आला नाही की म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, आसरांनी नेला.

मी पहिली चार कडवी मराठीत करून बघितली. राणीला ‘डोंगरातली बाय’ म्हटलं तेव्हा कुठे ते जमायला लागलं.

रानजाई

‘डोंगरातली बाय’. पाणकावळा, हे चोख आहे. बाकीची कडवी कुठे आहेत? इथेच टाका.

उंबरठा

सगळं वाचलं. चर्चा रंगलीय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

बेसी डनलॉप. एअरशरमधल्या डॅल्रीची बाई. १५७६ मध्ये तिच्यावर खटला चालला. तिचा जबाब नोंदलेला आहे आणि तो मी वाचलाय. ती बाळंतपणातून नुकती उठली होती. गाय मेली होती, नवरा आणि तान्हं मूल आजारी होतं. ती गुरं हाकत, रडत चालली होती आणि वाटेत तिला एक म्हातारा भेटला, करड्या कोटातला, हातात पांढरी काठी. तिच्या सांगण्याप्रमाणे तो टॉम रीड, १५४७ च्या पिंकीच्या लढाईत मेलेला. त्याने विचारलं, बाई, का रडतेस? आणि सांगितलं, मूल जाईल, नवरा वाचेल. पुढे तो तिला औषधं सांगायचा आणि ती गावातल्या लोकांना द्यायची. ती बाळंतीण असताना एक धिप्पाड बाई घरात येऊन बाकावर बसली होती, प्यायला मागून प्याली होती. टॉम म्हणाला, ती परीदेशाची राणी होती.

बेसीला जाळलं. ‘चांगल्या शेजाऱ्यां’शी ओळख सांगितली हाच गुन्हा.

जादूटोण्याचा कायदा १५६३ ते १७३६ होता. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांच्या यादीत ३,८३७ आरोपी आहेत, त्यात बहुसंख्य बाया. मार्च २०२२ मध्ये स्कॉटलंड सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख, फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी संसदेत त्यांची माफी मागितली. साडेचारशे वर्षांनी.

आता कादंबरीतल्या भावाकडे बघा. चेहरा तोच, भूक भागत नाही, किंचाळतो. पोर बदललंय असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं ती खरी पोरं होती. आजारी, अपंग, न वाढणारी. त्यांना रात्रभर उघड्यावर ठेवायचे, विस्तवाजवळ धरायचे, म्हणजे शेजारी त्यांचं परत नेतील आणि आपलं परत देतील. कादंबरीत घरातलं पोर नकली निघतं आणि खरं टेकडीखाली सुखरूप सापडतं. म्हणजे त्या आयांचा समज बरोबरच ठरतो. माझा भाचा बोलत नाही, लोखंड वाजलं की किंचाळतो, आणि ते प्रकरण मी आनंदाने वाचू शकणार नाही. रानजाई, तुम्हाला दुखवायचं नाही. तुम्ही ‘निखळ आनंद’ लिहिलंत, तो निखळ शब्द मला टोचला.

रानजाई

उंबरठा, तुमचं वाचल्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही.

भाच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. ते प्रकरण मी पुन्हा काढून वाचलं. लेखिकेने घरातल्या त्या पोराला शेवटी नाहीसं केलंय, दोन ओळींत. खरा भाऊ परत आला आणि हा सकाळी नव्हता, इतकंच. पहिल्यांदा वाचताना मी त्या दोन ओळींवरून सरळ पुढे गेले होते. तो कुठे गेला, त्याला कोणी काही खायला दिलं होतं का, हे मी विचारलं नाही आणि लेखिकेनेही नाही. हा पुस्तकातला दोष आहे आणि तो मला तुमच्यामुळे दिसला. निखळ हा शब्द मागे घेते.

पण काळोख टाकून देण्याला माझा विरोध तसाच आहे, किंबहुना वाढलाय. बेसीला जे दिसलं ते आठवा. बाळंतिणीच्या घरात एक बाई येऊन बसते आणि प्यायला मागते. त्यात भीती आहे आणि कोणीतरी विचारपूस केल्याचा दिलासाही आहे. ‘बाई, का रडतेस’ असं तिला त्या गावात दुसऱ्या कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ही गोष्ट उजेडात, गोड करून सांगता येणारच नाही. माझी मागणी एवढीच की ज्यांनी काळोखाला हात घातलाय त्यांनी तो पुरता घालावा. घरातल्या पोरालाही गोष्टीत जागा द्यावी.

गोदाताई, तुमच्या कापड कापणाऱ्या मुलीवर विचार करतेय. ती आणि जेनेट यांच्यात फरक बोटांचा आहे असं वाटतं. एकीच्या बोटांना वाळू लागली, एकीच्या हातात निखाऱ्यातही माणूस लागला. दोघींनी हात लावून बघितलं.

गोदातीर

हे मला अर्धं पटतं. हात लावून बघितलं, हे खरं. पण सोळाव्या वर्षी वाळू कुठली आणि माणूस कुठला हे बोटांना कळतं का? मला नाही वाटत. तुम्हाला वयाने, अनुभवाने कळतं म्हणून तुम्ही ते पुस्तक सुखाने वाचू शकता. माझी हरकत कायम ठेवते.

लीथकर, तुम्हाला मात्र विचारायचंय. तुम्ही इतका राग धरता, पण घरी मुलांना यातलं काय सांगता?

लीथकर

राग नाही हो, माया आहे, म्हणून बोलतो.

मुलीला सात घोड्यांची... चुकलं, सात मुलांची गोष्ट सांगतो. तळ्याकाठी एक सुंदर घोडा चरत असतो. एक मूल पाठीवर बसतं, मग दुसरं, आणि घोड्याची पाठ लांबत जाते. शेवटचा मुलगा बसत नाही, नुसतं एक बोट लावतो आणि ते चिकटतं. तो खिशातला चाकू काढून बोट कापून घेतो. बाकीचे पाण्यात जातात. दुसऱ्या दिवशी काठाला नुसती काळजं तरंगत येतात. इथल्या शाळेत ही सहा-सात वर्षांच्या मुलांना सांगतात, तळ्याजवळ एकटं जाऊ नये म्हणून. फॉल्कर्कला रस्त्याच्या कडेला पोलादाची ३० मीटर उंच दोन घोड्यांची डोकी उभी आहेत, त्यांना केल्पी म्हणतात. मुलगी गाडीतून ती दिसली की दोन्ही हात मांडीखाली लपवते.

गोदातीर

कालची गोष्ट सांगते. भाची आली होती, चौदा वर्षांची. तिला मी टॅम लिनचं गाणं अर्थासकट वाचून दाखवलं, म्हटलं बघू तिला यात काय दिसतं. सरडा, साप, अस्वल, सगळं झालं. लाकडाच्या डोळ्यांपाशी ती थांबली. मला वाटलं घाबरली. ती म्हणाली, ‘आत्या, पण मग त्या वर्षी दिलं कोणाला?’

मी म्हटलं, म्हणजे?

‘राणीला कोणालातरी द्यावं लागणारच ना. टॅम लिन सुटला. मग कोण गेलं?’

मी गाणं परत वरपासून वाचलं. कुठेही लिहिलेलं नाही.

रानजाई

हे वाचून मी कादंबरीचं शेवटचं प्रकरण पुन्हा उघडलं. मुलगी, भाऊ आणि तो स्वार पहाटे घराकडे चाललेत. तिला आता लाकडाचा डोळा आहे आणि त्या डोळ्याने तिला टेकडीच्या आतलं दिसतं. ती एकदाच मागे वळून बघते. तीन घोडे बांधलेले आहेत. पांढऱ्याची खोगीर कोणीतरी पुसून, वादी आखूड करतंय. आधीच्या स्वारापेक्षा पाय आखूड असणाऱ्या कोणासाठी तरी.

पहिल्या खेपेला हे वाक्य मी वाचलं होतं की नाही, मला आठवत नाही.